नाचोजींचा निळा

सिनेमावाले गावात दोन महिने राहून गेले की मागे फार काही उरत नाही. हॉटेलात एखादी मोडकी फोल्डिंग खुर्ची, गच्चीवर काळ्या कापडाचा तुकडा, आणि किस्से. खुर्ची कुणीतरी नेतं, कापडाचं पायपुसणं होतं, किस्से मात्र वाढत जातात. आमच्या ग्वाल्हेरला आता दर थंडीत कुणी ना कुणी किल्ल्याखाली जनरेटर लावून बसलेलं असतं, त्यामुळे साठा भरपूर. परवा माझ्या नवऱ्याला, श्रीपादला, सिटी सेंटरच्या त्याच्या बँकेत कुणीतरी नाचोजींचा किस्सा ऐकवला. किस्सा खरा होता. फक्त त्यात माझ्या जागी दिल्लीची कुणी मॅडम होती आणि शेवटी ती रडत होती. मी रडले नव्हते. म्हणून म्हटलं, एकदा आपणच बसून सांगून टाकावं.

मी मृणाल. इथल्या दाना ओली भागात राहते आणि स्पॅनिश शिकवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, शिकतं कोण? शिकतात, ऑनलाइन. ही भाषा मी दिल्लीत शिकले आणि लग्नानंतर सामानाबरोबर ग्वाल्हेरला घेऊन आले. बरीच वर्षं ती माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखी पडून होती. मग स्पेनचं एक युनिट इथे शूटिंगला आलं आणि त्यांना दुभाषी हवा होता. अख्ख्या शहरात अर्ज करू शकणारी मी एकटीच होते. निवड लवकर झाली.

दिग्दर्शक लुसीया, पस्तिशीची, चालताना सुद्धा सिनेमाचाच विचार करणारी. तिची गोष्ट होती एका मुलीची, जी वडिलांना शोधत इथे येते. आणि कॅमेरामन होते इग्नासिओ, सत्तरीला टेकलेले, उंच, किंचित वाकलेले. स्पेनमध्ये इग्नासिओ नावाच्या माणसाला घरीदारी सगळे लाडाने ‘नाचो’ म्हणतात. त्याला इलाज नाही.

* * *

युनिटची गावातली सगळी व्यवस्था भदौरिया बघायचा. गाड्या, जेवण, परवानग्या, सगळं. पहिल्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं.

“मैडम, सर को क्या बुलाना है?”

“नाचो.”

“वो तो बाद में नाचेंगे. नाम क्या है?”

मी समजावून सांगितलं. भदौरियाने बराच विचार केला. वडीलधाऱ्या माणसाला एकेरी हुकूम कसा सोडायचा, हा त्याचा प्रश्न होता. शेवटी त्याने ‘जी’ लावला आणि नाचोजी हे नाव पक्कं झालं.

एका संध्याकाळी आम्ही लोकेशनवरून हॉटेलकडे निघालो होतो. लुसीया हॉटेलात दुसऱ्या दिवसाच्या सीनवर बोलायला आमची वाट बघत थांबली होती. शहराच्या लष्कर भागात शिरताच गाडी एका वरातीत अडकली. पुढे घोडा, मागे बँड, मध्ये नवरदेवाचे मित्र. बँड बघायला नाचोजींनी काच खाली केली आणि बाहेरून आवाज आला, “नाचो! अरे नाचो, यार!”

नाचोजी माझ्याकडे वळून म्हणाले, “इथे मला ओळखतात?”

मी खुलासा करायच्या आत ते खाली उतरले होते. त्यांनी आधी सगळ्यांशी हात मिळवले. नवरदेवाच्या मामाने त्यांना फेटा बांधला. प्रत्येक वेळी हाक आली की ते हात वर करून उत्तर द्यायचे, आणि हात वर केला की लोकांना वाटायचं, हे नाचतायत. थोड्या वेळाने ते खरंच नाचत होते. आम्ही हॉटेलात पोचलो तेव्हा लुसीयाने फेट्याकडे पाहिलं आणि उशिराचं कारण विचारलं. नाचोजी म्हणाले, “मला माहीत नव्हतं की माझे सिनेमे इथपर्यंत आलेत.”

मी त्या दिवशी काही बोलले नाही. त्यांना खरा अर्थ दुसऱ्या आठवड्यात भदौरियाने सांगितला. ते म्हणाले की पहिला अर्थच जास्त बरा होता.

* * *

जानेवारीत किल्ल्यावर सकाळी इतकं धुकं असायचं की समोरची भिंत दिसत नसे. सगळं युनिट चहा पीत बसून राहायचं. अशाच एका सकाळी मी नाचोजींना विचारलं, की तुम्ही या धंद्यात आलात कसे?

ते म्हणाले, “मी मेलो होतो.”

स्पेनच्या दक्षिणेला त्यांचं गाव. वडिलांची पावाची भट्टी. गावाजवळ ओसाड वाळवंट आहे आणि त्या काळी परदेशी लोक तिथे येऊन काउबॉयचे सिनेमे काढायचे. गावातल्या तरण्या पोरांना त्यात एकच काम मिळायचं, गोळी खाऊन मरायचं. नाचोजी चांगले मरायचे. पडायचे छान, हलायचे नाहीत. एकच खोड होती. ते डोळे मिटायचे नाहीत. वाळूत पडल्या पडल्या बघत राहायचे, की ते पांढरं कापड कुठे धरतात, हिरोच्या चेहऱ्यावर उजेड कसा येतो, ढग आला की सगळे का थांबतात.

शूट केलेली फिल्म धुऊन आली तेव्हा लक्षात आलं की एक प्रेत सारखं कॅमेऱ्याकडे बघतंय. कॅमेरा डावीकडे गेला की प्रेताची नजर डावीकडे. सीन फुकट गेला. दुसऱ्या दिवशी म्हातारा कॅमेरामन स्वतः भट्टीवर आला आणि त्यांच्या वडिलांना म्हणाला, “उघड्या डोळ्यांनी मरणारा पोरगा तुमचाच ना? कुठे आहे?”

वडील म्हणाले, “झोपलाय.”

“उठवा. तो मला माझ्याकडे हवाय.”

तिथून सुरुवात. आधी ते पांढरं कापड धरायचं, मग फिल्मचे डबे भरायचे, मग बरीच वर्षं फोकस सांभाळायचा, आणि चाळिशीला आल्यावर स्वतःचा पहिला सिनेमा. “आमच्या गावात,” नाचोजी म्हणाले, “मेल्यावर नोकरी लागलेला मी एकटाच.”

* * *

आता मुख्य गोष्ट. त्यांचं खरं नाव झालं ते म्हातारपणी, आणि ते झालं निळ्यामुळे.

गेल्या काही वर्षांत त्यांनी जे सिनेमे केले त्यांत एक गार, खोल निळा रंग असायचा. दिवसा सुद्धा. माणसं, भिंती, पाव, सगळ्यावर. तिकडच्या समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. कुणी म्हणालं, हा एकटेपणाचा रंग. कुणी म्हणालं, या माणसाला मरण दिसतंय आणि ते तो आपल्याला दाखवतोय. बक्षिसं मिळाली. तिकडच्या फिल्म स्कूलमध्ये मुलं त्याला ‘नाचोचा निळा’ म्हणतात. लुसीयाने त्यांना घेतलं तेच मुळी या निळ्यासाठी. तिने मला सांगितलं होतं, की या गोष्टीतली मुलगी आतून गोठलेली आहे, आणि ते दाखवू शकणारा एकच माणूस आहे.

नाचोजींना मात्र ग्वाल्हेरात निळा पुरेनाच. प्रत्येक लाइटवर निळा जिलेटीन कागद लावायचा, ते मॉनिटरवर बघायचे आणि म्हणायचे, “अजून पिवळं आहे. आणखी एक लावा.” बरोबर आणलेले कागद संपले. मग भदौरियाने बाजारातून आणले. एका संध्याकाळी श्रीपाद मला न्यायला आला, तेव्हा त्याने मॉनिटरमध्ये डोकावून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “मतलब, या मुलीला कुणी गरम पाणी का देत नाही?”

त्याच आठवड्यात मी नाचोजींना घरी जेवायला बोलावलं. बेत साधा होता. वरण, भात, तूप, बटाट्याची भाजी. त्यांनी मन लावून जेवण केलं आणि शेवटी भाताकडे बोट दाखवून म्हणाले, की केशर इतक्या हलक्या हाताने वापरलेलं त्यांनी कुठे पाहिलं नाही.

भात पांढरा होता. बासमती सुद्धा नव्हता.

श्रीपाद म्हणाला, “केशर म्हणाले का ग?”

मी म्हटलं, “हो.”

“मग थँक्यू म्हण.”

मी म्हटलं. पण मग ते आमच्या भिंतीच्या पिवळ्या रंगाचंही कौतुक करायला लागले. दिवाळीला आम्ही ती पांढरी करून घेतली होती.

* * *

दोन दिवसांनी किल्ल्यावर नाचोजींनी जिथे पायरी नव्हती तिथे पाय टाकला. भदौरिया शेजारी होता, त्याने दंड धरला. नाचोजी कोट झटकत म्हणाले, “ही पायरी काल इथे होती.”

मी त्यांना डोळे दाखवायला चला म्हटलं. ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मला एका बाजूला नेलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, की कॅमेरामनचे डोळे गेले ही बातमी एकदा बाहेर पडली की परत आत जात नाही. या वयात आपल्याला पुन्हा कुणी बोलावणार नाही. लुसीयाला कळता कामा नये. मी कबूल केलं. ते दवाखान्यात यायला कबूल झाले.

कंपू भागात डॉ. सप्रे मॅडमचा डोळ्यांचा दवाखाना आहे. घराणं महाराष्ट्रातून आलेलं, पणजोबा शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, आणि कमी शब्दांत काम उरकायची सवय तिथपासूनची असावी. त्यांनी नाचोजींची हनुवटी मशीनवर टेकवली आणि बराच वेळ बघितलं.

“काय करतात हे?” त्यांनी मला विचारलं.

“कॅमेरामन आहेत. सिनेमाचे.”

“होते?”

“आहेत.”

त्यांनी पुन्हा मशीनला डोळा लावला. “सध्या?”

“सध्या किल्ल्यावर शूटिंग चालू आहे.”

त्यांनी मशीन बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “सिनेमा रंगीत आहे?”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात जास्त. डोळ्यातलं भिंग पिवळट तपकिरी पडलं होतं. मॅडमनी समजावलं, की हे गेली कित्येक वर्षं सगळं जग कोऱ्या चहाच्या ग्लासातून बघतायत. हळूहळू झालं म्हणून कळलं नाही. पांढरं यांना पिवळं दिसतं, आणि निळं यांच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही.

मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. नाचोजींनी निळ्याबद्दलचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.  परत येताना हॉटेलचं फाटक आलं तेव्हा म्हणाले, “मृणाल, बक्षिसं परत करावी लागतात का?”

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून बघू.

* * *

लपवायचं ठरलं होतं, पण दुसऱ्या सकाळी नाचोजींनी स्वतःच लुसीयाला सांगून टाकलं, बेडईचा, म्हणजे इथल्या डाळ भरलेल्या पुरीचा, घास खाता खाता. लुसीयाने तीन गोष्टी विचारल्या. जिवाला धोका आहे का? नाही. शूटिंग थांबेल का? थोडे दिवस. आणि निळा?

 नाचोजींनी बेडई संपवली.

लुसीया माझ्याबरोबर दवाखान्यात आली. सिनेमा संपेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलता येईल का, हे तिला विचारायचं होतं. तिचंही चुकत नव्हतं. तिने हा सिनेमा उभा करायला सहा-सात वर्षं घालवली होती, आणि जे हवं म्हणून या माणसाला आणलं तेच आता काढून टाकायची गोष्ट चालली होती. मी भाषांतर केलं. सप्रे मॅडम म्हणाल्या, “पायरी चुकून हे किल्ल्यावरून खाली आले, तर पुढचा सिनेमा कोण करणार ते आधी ठरवून घ्या. मग आपण ढकलू.”

मी तेही भाषांतर केलं. लुसीयाने तारीख घेतली. फक्त उजव्या डोळ्याची. डावा काही आठवड्यांनी, शूटिंग संपता संपता.

* * *

पट्टी काढल्यावर नाचोजी दवाखान्यातून बाहेर आले, काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी तो काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. त्यांनी तो रस्त्यावर काढला. समोर प्लास्टिकच्या सामानाचं दुकान होतं आणि बाहेर बादल्या टांगल्या होत्या. एका बादलीसमोर ते उभे राहिले. आधी डाव्या डोळ्यावर हात ठेवला, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या.

“हे असं असतं?” ते म्हणाले.

मी म्हटलं, हो. बादली आहे.

“निळा असा असतो?”

त्यांनी ती बादली विकत घेतली. भदौरियाने बराच आग्रह केला, “सर, होटल में बाल्टी है.” नाचोजी ती मांडीवर घेऊन गाडीत बसले.

आरामाचे दिवस होते, म्हणून दुपारी ते आमच्याकडे यायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की मला माझा एक सिनेमा बघायचाय. सगळ्यात जास्त बक्षिसं मिळालेला. आम्ही टीव्हीवर लावला. समुद्रकाठच्या गावातली गोष्ट होती. श्रीपादला रविवारची सुट्टी होती, तोही पेरू कापत बसला होता. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, “हे लोकं स्वेटर का नाही घालत?”

नाचोजींनी मला विचारलं, हा काय म्हणतोय? मी सांगितलं.

“बरोबर विचारतोय,” ते म्हणाले. “सिनेमात ऑगस्ट चालू आहे.”

त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग बसल्या बसल्या बरंच बोलले. स्टुडिओत रंग पक्के करणारी एक मुलगी होती. प्रत्येक सिनेमाला ती विचारायची, नक्की एवढा निळा? आणि ते तिला म्हणायचे, माझ्याएवढी वर्षं भिंगातून बघशील तेव्हा तुलाही दिसेल. मग तिने विचारणं सोडलं. जगातला एकही माणूस त्यांना पुढे विचारायला आला नाही. “लोकांनी लिहिलं की म्हाताऱ्याला मरण दिसतंय,” ते म्हणाले. “मला काही दिसतच नव्हतं.”

चहा गार झाला. त्यांनी सांगितलं, की आपण लुसीयाला सांगून परत जाणार. जो माणूस गेली इतकी वर्षं चुकून चांगला होता, त्याने आता बरा होऊन काय करायचं?

मी श्रीपादला हे मराठीत सांगितलं. त्याने पेरूवर मीठ टाकलं.

“त्यांना विचार, हा सिनेमा बघताना लोक रडले होते का?”

मी विचारलं. नाचोजी म्हणाले, हो, खूप.

“मग?” श्रीपाद म्हणाला आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली.

नाचोजींनी एक फोड घेतली. परत जायचं त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

* * *

शूटिंग पुन्हा सुरू झालं, पण काम पुढे सरकेना. नाचोजी लाइट लावायचे, एक डोळा झाकून बघायचे, मग दुसरा झाकून बघायचे आणि डोकं हलवत खुर्चीवर बसायचे. लुसीयाने विचारलं, काय अडलंय? ते म्हणाले, “तुझ्याकडे आता दोन कॅमेरामन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही.”

एका सकाळी गच्चीवरचा सीन होता. मुलगी पहिल्यांदा वडिलांचं घर लांबून बघते. नाचोजींनी सगळे निळे कागद काढून टाकले. धुकं विरत होतं, ऊन कोवळं होतं, त्यांनी एक पांढरं कापड तेवढं धरायला लावलं आणि डावा डोळा मिटून घेतला. शॉट झाला. लुसीया मॉनिटरसमोर बसून राहिली. मुलीच्या गालावर ऊन होतं आणि ती जिवंत दिसत होती.

लुसीया म्हणाली, “हा तू नाहीस.”

“माझीही त्याच्याशी ओळख परवाच झाली,” नाचोजी म्हणाले.

लुसीया उठून गच्चीच्या टोकाला गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. सगळं युनिट वाट बघत होतं. भदौरियाने मला खुणेने विचारलं, पॅकअप? मी खांदे उडवले. तिने परत येऊन सांगितलं, की मुलगी घर बघेपर्यंतचा सिनेमा डाव्या डोळ्याचा. त्यापुढचा उजव्याचा. आणि तोपर्यंत डाव्याला कुणी हात लावायचा नाही.

मी सप्रे मॅडमना फोन लावून हे कळवलं. त्या म्हणाल्या, की मोतीबिंदू जपून ठेवायची विनंती त्यांना आजपर्यंत कुणी केली नव्हती.

* * *

दुसऱ्या ऑपरेशनला त्यांची बायको आली, पिलार. या वेळी ती त्यांना एकटं सोडायला तयार नव्हती. ती कंटिन्युइटीचं काम करायची. म्हणजे दोन शॉटच्या मध्ये कप कुठल्या हातात होता, कुठलं बटण उघडं होतं, केसांची बट कुठल्या बाजूला होती, हे सगळं लक्षात ठेवणारी बाई. दोघांची ओळख सेटवरच झाली. इतके दिवस ती रोज फोन करायची, पण व्हिडिओ कॉल कधी नाही. तिच्या मते त्यात सगळ्यांवर लाइट वाईट पडतो.

दिल्लीहून गाडी आली. पिलार उतरली, ठेंगणी, काळा कोट. नाचोजींनी तिला मिठी मारली. मग एक पाऊल मागे घेतलं, डावा डोळा झाकला आणि तिच्याकडे बघत राहिले.

“तुझे केस कधी पांढरे झाले?”

“तू शूटिंगवर होतास तेव्हा.”

“कुठल्या?”

“सगळ्या.”

भदौरियाने बॅगा उचलता उचलता मला विचारलं, “क्या बोलीं मैडम?” मी म्हटलं, “पूछ रही हैं, गाड़ी कहाँ है.”

त्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे जेवायला आली. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात माझ्या हातातलं ताट घेऊन पुसायला लागली आणि मी न विचारता बोलली. नाचो रोज सकाळी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, मधासारखे आहेत. तरुणपणी ते खरंच तसे होते. मग पांढरे व्हायला लागले. काही वर्षं तिने रंग लावला. एकदा राहून गेला, तरी तो मधच म्हणाला. पुढच्या महिन्यात मुद्दाम लावला नाही, तरी मधच.

“मग मी रंग लावणं सोडून दिलं,” पिलार म्हणाली. “मला वाटलं, हा बघून म्हणतो.”

ताट कोरडं झालं होतं. ती ते पुसतच राहिली. मी दुसरं ताट तिच्यापुढे केलं. मग ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या त्या बाईच्या केसांना तो रंग कसला आहे?

मी म्हटलं, “ज्योती. ती घरीच पार्लर चालवते. ती मेंदी आहे.”

* * *

ऑपरेशनच्या दिवशी नाचोजी आत गेले आणि सगळं नीट झाल्याचं कळल्यावर पिलार मला म्हणाली, की आता थोडे तास तिचं इथे काही काम नाही. संध्याकाळी ती हॉटेलात परतली तेव्हा डोक्याला रुमाल होता, आणि नाचोजींच्या डाव्या डोळ्याला पट्टी होती, उजव्यात थेंब होते आणि ते झोपेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सप्रे मॅडमकडे गेलो. पिलारने दारातच रुमाल काढला होता आणि ती नाचोजींच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. ज्योतीने मेंदी चांगली चार-पाच तास ठेवली असावी. पूर्ण पांढऱ्या केसांवर मेंदी कशी चढते ते ग्वाल्हेरात कुणालाच सांगायला नको. गाजराच्या हलव्यात दूध घालायच्या आधी जो रंग असतो, तो.

मॅडमनी पट्टी काढली, डोळा पुसला, थेंब टाकले आणि मशीनमधून बघून समाधानाने मान हलवली. मग नाचोजींना म्हणाल्या, की आता आरामात खोलीभर नजर फिरवा.

नाचोजींनी तक्ता पाहिला. खिडकी पाहिली. मग मागे वळले.

ते तिच्याकडे बघत राहिले. उजवा डोळा झाकून पाहिलं. डावा झाकून पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. पिलार हलली नाही. मॅडम मान खाली घालून औषधं लिहीत होत्या.

बऱ्याच वेळाने नाचोजींनी मला विचारलं, “डॉक्टरांना विचार, हे कायमचं आहे का?”

मी विचारलं.

“हो,” मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. “आता आयुष्यभर काळजी नाही. फक्त पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही.”

मी ते शब्दन्‌शब्द स्पॅनिशमध्ये सांगितलं.

पिलार म्हणाली, “नाही घेणार.”